पहिल्या पिंपाची चव

सल्त, गुरुवार, ३ जून १९९३

पाठचा भाऊ दैफल्ला यास मुफ्लेहचा सलाम.

सात वर्षांत चौदा ईदा झाल्या, आणि चौदा पत्रं मी तुला अकब्याला पाठवली. उत्तर एकाचंही नाही. पण नवाफ टॅक्सीवाला सांगतो की तू पत्र हातात घेतोस, परत करत नाहीस. तेवढ्यावर माझं भागतं.

तुती यंदा लवकर पिकल्या. शाळेच्या भिंतीखालचा रस्ता जांभळा झालाय. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी घंटेच्या वेळेला मी अजून कोट चढवतो, आणि मग आठवतं की कुठे जायचं नाहीये. शाळेत आपण पाठ केलेल्या त्या जुन्या कविता आठवतात का तुला? प्रत्येक कवितेत कवी एका रिकाम्या छावणीपाशी उंट थांबवतो, विझलेल्या चुलीचे तीन दगड बघतो आणि रडायला लागतो. तू मास्तरांना विचारलं होतंस, "हे लोक पुढे का जात नाहीत?" छडी खाल्लीस. मी मात्र त्या दगडांपाशीच राहिलो असं समज.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहितोय. हिल्मी आइस्क्रीमवाला परत आलाय. पायऱ्यांच्या तळाशी त्याचं दुकान सोमवारी उघडलं. हाज इर्शैद आणि इतर पंचांनी ठरवलं की हिल्मी म्हातारा झाला, बायको आजारी आहे, त्या दोघांना राहू द्यावं. मुलगा सुहैल मात्र दूर करक शहरातच राहील. आपल्या घराने समेटाची कॉफी पिईपर्यंत त्याने सल्तमध्ये पाऊल टाकायचं नाही. तुला विचारलं होतं म्हणतात. तू म्हणालास, "करा काय ते."

तुझा फव्वाज ठीक आहे. माझ्याकडेच वरच्या खोलीत असतो, जेवतो नीट. सोमवारपासून दुपारचा हिल्मीच्या दुकानासमोरच्या भिंतीवर बसतो, सूर्यफुलाच्या बिया फोडत. घरी आल्यावर मी विचारलं, "तिथे काय करतोस?"

"काका, सावली चांगली आहे तिथे."

दुपारी दोन वाजता त्या भिंतीवर सावली नसते, दैफल्ला.

मी स्वतः वरच्या वाटेने ये-जा करतो. ज्याच्या मुलाच्या हातून तुझा जाबेर, फव्वाजचा भाऊ, गेला, त्याच्या घरचं पाणीसुद्धा आपण घ्यायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको. वास मात्र वाटा पाळत नाही. दूध आटतं, त्यात हिल्मी मस्तकीचा सुवासिक डिंक कुटून टाकतो, आणि तो वास एकशेबारा पायऱ्या चढून माझ्या खिडकीत येतो. मग लाकडी मुसळाचे ठोके सुरू होतात. तांब्याच्या पिंपात, बर्फामिठाच्या मधोमध, धप्प, धप्प. मी खिडकी लावून घेतो.

फव्वाजच्या आईला, उम्म फव्वाजला, सलाम सांग.

तुझा मोठा भाऊ,
मुफ्लेह


शुक्रवार, ११ जून

दैफल्ला,

तुला कुणीतरी सांगितलंच असेल. गाव सांगण्यासाठीच असतं. म्हणून झालं तसं लिहितो.

मंगळवारी औषध आणायला निघालो होतो. वरच्या वाटेवर गटाराचं काम काढलंय, म्हणून खालून गेलो. दुकानासमोरून जाताना मान खाली होती. पण ठोके ऐकू आले आणि पाय मंदावले. तुला माहीतच आहे, आपण लहान असल्यापासून त्या दुकानाची एक रीत आहे. मोसमातलं पहिलं पिंप तयार झालं की हिल्मीचा बाप पळीच्या टोकावर थोडं घेऊन शेजारच्या एकाला चाखायला द्यायचा. त्याने मान डोलावली की मग विक्री. हिल्मीच्या हातात दुकान आल्यापासून तो चाखणारा मीच. छत्तीस वर्षं. मस्तकी जास्त झाली की कडवट लागतं, सहलबच्या कंदाची पूड कमी पडली की तार धरत नाही, ते मी सांगायचं.

हिल्मी दारातच उभा होता. केस पांढरेशुभ्र, उजवा खांदा खाली गेलेला. मला बघून त्याचं तोंड फुललं. हा माणूस कोण आणि आपण कोण, हे तो त्या घटकेला विसरला, देवाशपथ विसरला.

"या उस्ताद!" म्हणाला. "सात वर्षांत दात गेले तुमचे. जीभ तरी शिल्लक आहे ना?"

"जीभ आहे. तुझा हात शिल्लक आहे का ते बघायचं," मी म्हणालो. तोंडातून गेलंच ते.

त्याने पळी पुढे केली, मी तोंड उघडलं. सवयीने, दैफल्ला. दोन म्हाताऱ्यांची सवय. ना त्याने विचार केला, ना मी. थंड जिभेला लागलं, आणि मग कळलं की दुकानातल्या सगळ्यांचे चमचे वाडग्यांतच थांबलेत. शेजारच्या न्हाव्याच्या कात्रीचा आवाजही थांबला.

मी लगेच बाहेर पडलो. एवढंच झालं. एका पळीचं काय धरायचं?

फव्वाज भिंतीवर होता. त्याने पाहिलं. घरी जेवण झाल्यावर ताटं स्वतः धुतली, आजवर कधी धुतली नाहीत.

मुफ्लेह


गुरुवार, १७ जून

दैफल्ला,

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. एक पळी नव्हती. मी लगेच बाहेर पडलोही नाही.

पळी चाखल्यावर मी म्हणालो, "मस्तकी बरोबर आहे. पिस्ते जुने आहेत." हिल्मी हसला, आणि हसता हसता रडायला लागला. त्याने काचेचा वाडगा भरला, वर पिस्ते घातले आणि खुर्ची पुढे ओढली. मी बसलो. त्या लांब चमच्याने आइस्क्रीम ताणलं की हातभर तार यायची आणि आपण दोघं भांडायचो कुणाची लांब म्हणून, ते आठवत बसलो. अर्धा वाडगा संपला तेव्हा भानावर आलो. तोवर उशीर झाला होता. आणि तुला सांगतो, उरलेला अर्धा मी भानावर राहून खाल्ला. अर्धवट टाकून उठलो असतो तर तो आणखी एक अपमान झाला असता, असं तेव्हा वाटलं. आता काय वाटतं ते विचारू नकोस.

घरातला सर्वांत मोठा मीच आहे. मोठ्याने त्यांच्या घरी बसून खाल्लं म्हणजे घराने खाल्लं, असं गावाने धरलं. हिल्मीने तर धरलंच. त्याच संध्याकाळी त्याने करकला फोन केला.

परवा सकाळी खिडकीत बसलो होतो. ठोके बदलले. हिल्मीच्या खांद्यातून आता धड ठोका निघत नाही, दोन मारतो आणि श्वास घेतो. परवाचे ठोके एकसारखे, खोल, तरण्या दंडाचे होते. मी चहाचा पेला खाली ठेवला. कोण आलंय ते मला बघायला जावं लागलं नाही.

सुहैल आता सत्तावीस वर्षांचा आहे. तीन वर्षं तुरुंगात काढून माणूस बारीक झालाय. तरी मी खाली गेलो, तेव्हा तो पिंपावर वाकलेला होता. मला बघून सरळ झाला, हात पाठीमागे घेतले, वर्गात उभा राहायचा तसा.

"उस्ताद, तुम्ही खाल्लंत म्हणून आलो," म्हणाला. "अब्बांचा खांदा गेलाय. आईला उचलून बसवावं लागतं. तुम्ही म्हणालात तर आत्ता निघतो."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "पिस्ते नवे आणा."

इतकंच सुचलं. बाहेर फव्वाज होता. त्या दिवशी बिया फोडत नव्हता.

काल फव्वाज माझ्या खोलीत आला. दाराला कडी लावली, माझ्या पायाशी बसला आणि माझे मोजे काढले. लहानपणी काढायचा तसे.

"काका, शनिवारी हाज इर्शैदकडे पंच बसणार आहेत. तुम्हाला विचारतील."

"विचारू देत."

"तुम्ही म्हणायचं, डोकं ठिकाणावर नव्हतं. वय झालंय, कळलं नाही. कुणी हसणार नाही काका. परवा मला जाबेर म्हणून हाक मारलीत. दिवाबत्तीच्या वेळेला कोट घालून शाळेत निघाला होतात, मी परत आणलं."

"आणि मी तसं म्हटलं तर?"

"तर तुम्ही खाल्लेलं धरत नाहीत."

"सुहैलचं काय?"

त्याने मोज्यांची नीट घडी केली. म्हणाला, "तो अटी मोडून आलाय काका. तो आपणहून आलाय."

तुझं जुनं पिस्तूल माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या पेटीत असायचं. तो गेल्यावर मी पेटी उघडली. तिथे फक्त तेलाचा डाग पडलेलं फडकं आहे.

फव्वाजला फोन कर. तुझ्या एका शब्दाने तो ऐकेल. माझ्या शंभर शब्दांनी ऐकणार नाही. मला उत्तर देऊ नकोस हवं तर, त्याला दे.

मुफ्लेह


रविवार, २० जून, दुपार

दैफल्ला,

शनिवारची बैठक आज फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर झाली, कारण काल हाज इर्शैदचा रक्तदाब वाढला होता. हे पत्र नवाफ स्वतः तुझ्या हातात देईल. मी त्याला शपथ घातली आहे. वाचून होईपर्यंत तो तुझ्या दारात उभा राहील.

बारा माणसं होती. हिल्मी दाराजवळ चपलांच्या रांगेत बसला होता, कुणी वर बोलावलं तरी येईना. फव्वाज माझ्या डाव्या हाताला होता. मधोमध कॉफीचा पेला ठेवलेला, सात वर्षांपूर्वी तू न पिता उठलास तसाच, भरलेला.

हाज इर्शैद म्हणाला, "उस्ताद, तू त्यांच्या दुकानात खाल्लंस. जाणून खाल्लंस की चुकून?"

फव्वाजने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हलकाच. "काका दमलेत," तो म्हणाला. "त्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग उस्तादांना एखादी जुनी कविता म्हणायला लावा. विसरले तर विसरले!"

लोक हसले. मीही हसलो असतो. आयुष्यभर ज्या कविता मी पोरांना घोकायला लावल्या, त्यांतली एक ओळ त्या वेळी मला आठवेना. कोरी पाटी. फव्वाजचा हात गुडघ्यावर होता आणि मला एकच गोष्ट स्पष्ट आठवत होती. ती कवितेतली नव्हती.

मी म्हणालो, "जाणून खाल्लं."

"का?" हाज इर्शैदने विचारलं.

दैफल्ला, जे तुला सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते मी बारा परक्यांसमोर सांगितलं. आता तुला सांगतो, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून.

त्या दिवशी जाबेर आणि सुहैल पायऱ्यांवर भांडत होते तेव्हा मी वरच्या वळणावर होतो. न्यायाधीशाने विचारलं, पहिला हात कुणी उचलला? मी म्हणालो, मी वळलो तेव्हा सुहैलने ढकललं, त्याआधीचं पाहिलं नाही. तू तिथे बसला होतास. तू एवढ्यासाठीही माझ्यावर रागावलास, कारण मी "ढकललं" म्हणालो, "मारलं" म्हणालो नाही. मला सुहैलला वाचवायचं होतं असं तू धरलंस आणि अकब्याला निघून गेलास.

मी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. जाबेरच्या हातात दगड होता. त्याने सुहैलला तो दोनदा मारला, कानावर आणि खांद्यावर. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा सुहैलने दोन्ही हातांनी त्याला दूर लोटलं. जाबेरचा पाय निसटला. पुढचं तुला माहीत आहे. दगड त्याच्याबरोबर खाली गेला आणि तळाशी दुसऱ्या दगडांत मिसळला.

मी ते न्यायालयात बोललो नाही. आपला पोरगा कफनात होता आणि त्याच्या नावावर मला दगड ठेवायचा नव्हता. त्या गप्प राहण्याने सुहैलची तीन वर्षं गेली. तो माझा विद्यार्थी होता. त्याने कधी म्हटलं नाही की उस्तादांनी पाहिलं होतं. त्याने मला वळणावर पाहिलं होतं, दैफल्ला. आमची नजरानजर झाली होती.

हे मी सांगत असताना फव्वाजने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. म्हणाला, "म्हातारा मेलेल्या पोरावर खोटं घालतोय."

हिल्मी चपलांत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता.

मग मी सुहैलला माझा चेहरा दिला. भर बैठकीत, उभा राहून. चेहरा दिला म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आता त्याच्यावर पडलेला घाव माझ्यावर पडला असं सारी पंचक्रोशी धरेल, आणि घाव घालणारा आपल्याच घरचा असला तरी त्याला सूट नाही. एका बाजूला तुझा मुलगा, दुसऱ्या बाजूला मी. ही वेळ मी तुझ्यावर आणली.

हाज इर्शैद म्हणाला, रक्ताचा धनी बाप आहे, काका नव्हे. दैफल्लाला विचारा. रिवाजाची मुदत, तीन दिवस आणि दिवसाचा तिसरा हिस्सा. सकाळी आठ वाजता ठरलं, म्हणजे बुधवारी दुपारी चार वाजता मुदत संपते. तोवर फव्वाज हात लावणार नाही, त्याने शब्द दिलाय. तू "हो" म्हणालास तर कॉफी पिऊन झालं. नाही म्हणालास, किंवा काहीच म्हणाला नाहीस, तर चार वाजता सुहैलने सल्त सोडायचं. त्यापुढे रिवाज त्याच्या पाठीशी नाही.

ये. किंवा नवाफकडे एक शब्द दे. मला शिव्या घाल, मी खोटारडा आहे म्हण, मी सगळं मान्य करतो. फक्त पोराचा हात धर. तुझे दोनच मुलगे होते.

मुफ्लेह


बुधवार, २३ जून, दुपारचे सव्वातीन

दैफल्ला,

नवाफ एक वाजता आला. मी त्याला आधी पाणी पिऊ दिलं.

"वाचलं त्यांनी," म्हणाला. "उभ्याउभ्या वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं."

"काही म्हणाला?"

नवाफ पेल्यात बघत राहिला. मी त्याला म्हटलं, बाबा, मी साठ पोरांच्या वर्गात उभं आयुष्य काढलं, मला ऐकायची सवय आहे.

"म्हणाले, मुफ्लेहला सांग, मला भाऊ नाही."

"आणि फव्वाजसाठी?"

"फव्वाजसाठी काही नाही, उस्ताद. मी तासभर थांबलो. उम्म फव्वाज आतून रडत होत्या. मग तुमच्या भावाने दार लावून घेतलं."

ठीक आहे. मग हे पत्र कुणाला लिहितोय, ते मला माहीत नाही. हात लिहितोय.

फव्वाज तीन दिवस भिंतीवर बसला. शब्द पाळला, उठला नाही. काल मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने मला पाणी दिलं, त्याच्या बाटलीतलं. मी म्हणालो, "जाबेरवर मी कमी प्रेम करत नव्हतो." तो म्हणाला, "माहीत आहे काका. म्हणून तर तुम्ही बोलायला नको होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मघाशी खिडकीतून पाहिलं. भिंत रिकामी आहे. बियांची टरफलं तेवढी उरली असतील. माझ्या वरची खोलीही रिकामी आहे, अंथरूण घडी केलेलं.

ज्याने चेहरा दिला त्याने माणसाला गावाबाहेर सुखरूप घालवून द्यायचं असतं, पुढे चालून. नवाफने गाडी वरच्या रस्त्यावर लावली आहे, कारण गाडी तिथपर्यंतच येते आणि दुकानातून वर यायला पायऱ्यांशिवाय वाट नाही. हिल्मी म्हणाला, चार वाजण्याआधीच निघू या. पण सुहैल आईला अंघोळ घालतोय. तिला खुर्चीत बसवून, केस विंचरून मगच निघणार म्हणतो. त्याला घाई कर म्हणायचं माझ्या जिवावर आलं. चार वाजून जातील.

दुकान आज बंद आहे. खाली इतकी शांतता आहे की नळाचं पाणी ऐकू येतं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्यात, बायकांनी वाळत घातलेले कपडे आत नेलेत. एवढ्या उन्हात कुणी कपडे आत नेत नाही.

मी कोट घातलाय. हे पत्र नवाफच्या गाडीत ठेवायला देतो. तो ते तुला देईल, तू घेशील, तेवढं मला पुरे. खाली उतरायला मला दहा मिनिटं लागतात. वर चढायला अर्धा तास. सुहैलला माझ्या मागे मागे, माझ्या चालीने यावं लागेल. एकशेबारा पायऱ्या मी एका दमात चढू शकत नाही, वळणावर भिंतीला हात लावून थांबावं लागतं.

कुठल्या पायरीवर थांबतो, ते फव्वाजला ठाऊक आहे. लहानपणी माझी पिशवी घेऊन तो तिथे माझ्याबरोबर थांबायचा.

मुफ्लेह